दगड जपला, मातीचे काय?

पावसाळ्यातील रविवारी मळवली स्टेशनावर उतरणाऱ्या गर्दीचा ओघ भाजे गावाकडे वळतो. कोणी धबधब्यात भिजण्यासाठी येतो, कोणी लोहगड-विसापूर चढण्यासाठी, आणि काही थोडे लोक इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात कोरलेली लेणी पाहण्यासाठी येतात. या लेण्यांपाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांपैकी एका टाक्यावरील ब्राह्मी लेखात ते महारथी कौशिकीपुत्र विण्हुदत्त याचे दान असल्याचे नमूद केलेले आहे. लेणे आणि टाके या दोहोंची आपण आज काळजी घेतो, हे योग्यच आहे. लेण्यांना केंद्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. लोहगडाचा समावेश तर जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत झाला. परंतु ज्या मातीतून डोंगराचे पाणी मुरते, झऱ्यावाटे पाझरते आणि खालच्या खाचरांत भात पिकवते, त्या उतारावरच्या वीतभर मातीला मात्र कोणी वाली नाही.

माती वाहून जाते ही तक्रार नवी नाही. शालेय पुस्तकांपासून मंत्र्यांच्या भाषणांपर्यंत सर्वत्र ती आढळते. येथे मांडावयाचा मुद्दा थोडा निराळा आहे. माती वाहून जाण्याच्या कितीतरी आधी ती आतून मोडते. तिची घडण बिघडते, आणि ही घडण जमिनीच्या वापरावर अवलंबून असते. वाहून गेलेली माती ओढ्याच्या पाण्याच्या रंगावरून तरी ओळखू येते. जागच्या जागी मोडलेली माती डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच तिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचे नुकसान झाले असे आपल्याकडे मानले जात नाही.

मातीचे घर

एकाच प्रकारच्या हजार विटांचा ढीगही रचता येतो आणि त्याच विटांचे घरही बांधता येते. विटा त्याच, पण ढिगात कोणी राहू शकत नाही. वाळू, पोयटा आणि चिकण हे मातीचे कण म्हणजे तिच्या विटा होत. त्यांचे प्रमाण हा मातीचा पोत. तो सहसा बदलत नाही. हे कण एकमेकांना धरून लहान-मोठे रवे बनतात आणि त्या रव्यांच्या मधे पोकळ्या राहतात. ही झाली मातीची घडण. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा चिकटपणा, बुरशीचे तंतू, गवताची केसासारखी मुळे आणि गांडुळांची विष्ठा यांनी हे रवे बांधले जातात. मोठ्या पोकळ्यांतून पाऊस खाली उतरतो आणि हवा खेळते. बारीक पोकळ्यांत पाणी पिकासाठी थांबून राहते. आपला शेतकरी ज्याला ‘वाफसा’ म्हणतो, ती अवस्था म्हणजे या दोन प्रकारच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा यांचा साधलेला मेळ होय.

या पोकळ्यांचे मोल किती, याचा हिशेब साधा आहे. जंगलाखालच्या भुसभुशीत मातीचा एक घन सेंटिमीटर वाळवून तोलला तर तो साधारण १ ग्रॅम भरतो. गुरांच्या, माणसांच्या किंवा यंत्रांच्या दाबाखाली दबलेल्या मातीचे हेच वजन १.६ ग्रॅमपर्यंत चढते. मातीतील खनिज कणांची स्वतःची घनता सुमारे २.६५ धरली, तर पहिल्या मातीत बासष्ट टक्के जागा पोकळ असते, दुसरीत चाळीस टक्के. वरच्या तीस सेंटिमीटर थराचा विचार केला, तर एका हेक्टरामागे सुमारे पावणेसात लाख लिटरची पोकळी नाहीशी झाली असा याचा अर्थ होतो. दहा हजार लिटरचे सदुसष्ट-अडुसष्ट टँकर मावतील एवढी ही जागा आहे. दाबाखाली आधी मोडतात त्या मोठ्या पोकळ्या, म्हणजे पाऊस आत घेणारी दारेच. टाकीचा आकार लहान झाला आणि तिचे तोंडही बुजले, अशी ही दुहेरी हानी होय. पावसाळ्यात धो धो पाणी वाहणाऱ्या गावांत उन्हाळ्यात हंड्यांची रांग का लागते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे आहे.

उष्ण कटिबंधात ही घडण विशेष नाजूक असते. याची कारणे दोन. उष्णतेमुळे सेंद्रिय द्रव्य थंड देशांपेक्षा फार लवकर जळून जाते. पाचोळ्याचा पुरवठा थांबला की काही हंगामांतच रव्यांना धरून ठेवणारा डिंक संपतो. दुसरे कारण पावसाचे. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याला सातशेच्या. आणि घाटमाथ्यावरचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत, मोठ्या सरींनी कोसळतो. उघड्या मातीवर आदळणारा प्रत्येक थेंब एखाद्या लहान हातोड्याचे काम करतो. रवे फुटतात, सुटे कण पोकळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतात, आणि वर साय धरावी तसा थर तयार होतो. मग पाणी मुरत नाही; ते धावू लागते.

आपल्याकडे ‘काळी आई’ हा शब्द मातीलाच पर्याय म्हणून वापरला जातो. त्यामुळे देशावरच्या काळ्या मातीचे गुण आपण सगळ्याच मातीला चिकटवतो. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि या फुगण्या-आक्रसण्यातून वरच्या थराची काही प्रमाणात आपोआप मशागत होते. मावळातील डोंगरउतारांवरची तांबूस, उथळ माती याच बेसॉल्टच्या खडकापासून झालेली असली, तरी अतिपावसाने धुऊन तिचा स्वभाव वेगळा बनला आहे. ती तशी फुगत नाही. तिची घडण टिकते ती लोहाच्या संयुगांवर आणि सेंद्रिय द्रव्यावर. एकदा मोडली की ती स्वतःला सावरण्यास फार वेळ घेते. तिच्याखाली थोडा मुरूम आणि त्याखाली कातळ असतो. म्हणजे जे काही आहे ते या हात-दीड हाताच्या थरातच आहे.

उतार आणि खाचर

मावळच्या शेतकऱ्याने हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखले होते. सातबाऱ्यावर अजूनही ‘तरी’ आणि ‘वरकस’ असे शब्द आढळतात. तरी म्हणजे खालची भाताची खाचरे. वरकस म्हणजे उतारावरची नाचणी-वरईची हलकी जमीन, जी काही वर्षे पिकवून मग गवताला सोडून दिली जाई. हा विसावा आळसापोटी नव्हता. गवताची मुळे त्या काळात मोडलेली घडण पुन्हा बांधीत असत.

भाताच्या खाचरात मात्र शेतकरी मातीची घडण स्वतःच्या हाताने मोडतो. चिखलणी म्हणजे दुसरे काय आहे? पाणी साठवून, औत फिरवून रवे पार विरघळवावयाचे, खाली एक निबर थर बसू द्यावयाचा, आणि पाणी मुरू न देता भाताच्या पायाशी उभे ठेवावयाचे, हाच तिचा हेतू असतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेले ‘इंद्रायणी’ भाताचे वाण असो की त्याआधीचे आंबेमोहर असो, या खोऱ्याची कीर्ती अशा चिखलावरच उभी राहिली. ही मोडतोड खपून जाते याचे कारण ती सपाट जागी, बांधाच्या आत होते. विरघळलेली माती खाचरातच राहते. तरीही तिची किंमत भरावी लागतेच. भातानंतर हरभरा किंवा गहू घ्यावयाचा झाला, तर तोच चिखल दगडासारखा वाळतो, आणि मुळे त्या निबर थरापाशी अडतात. शिवाय दाढीच्या जागेवर राब भाजण्यासाठी लागणारा पालापाचोळा, फांद्या आणि शेण कोठून येते? बव्हंशी उतारावरूनच. म्हणजे ज्या डिंकाने वरची माती धरून ठेवावयाची, तो खाली आणून जाळला जातो.

यावर उपाय नाहीत असे नाही. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत राबाऐवजी भाताच्या तुसाची राख आणि पेंढा मातीला परत देण्यावर, तसेच गिरिपुष्पाच्या हिरवळीच्या खतावर भर आहे. घाटाखाली नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेल्या ‘सगुणा भात तंत्रा’त तर चिखलणी आणि लावणी दोन्ही वगळली आहेत. एकदा केलेले गादीवाफे पुन्हा नांगरावयाचे नाहीत, साच्याने भोके पाडून बी टोकावयाचे, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यावयाची, अशी ही पद्धत आहे. कुजलेल्या मुळांच्या जागी हवा-पाण्याच्या नळ्या तयार होतात आणि गांडुळे परत येतात. या पद्धतीत तणनाशकावर बरेच अवलंबून राहावे लागते, हा तिच्यावरचा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु भात म्हणजे चिखल हे समीकरण अटळ नाही, एवढे तिने निश्चित दाखवून दिले.

यंत्राची धाव

शेतकऱ्याच्या औताने जे शतकांत झाले नाही, ते मातीकाम यंत्राने एका आठवड्यात होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यापासून मावळ हा दोन महानगरांच्या मधला विसाव्याचा प्रदेश बनला. वरकस जमिनीला नाचणीने कधी दिला नव्हता असा भाव आला. उतार कापून सपाट तुकडे पाडणे, वळणावळणांचे रस्ते काढणे, निघालेली माती खालच्या बाजूस ढकलणे, हे दृश्य इंद्रायणी आणि पवना या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांत ठिकठिकाणी दिसते. वरचा सुपीक थर आणि खालचा मुरूम यांची सरमिसळ होते, आणि त्यावरून अनेक टनांचे यंत्र पुन:पुन्हा फिरते. पुढे तेथे बाग केली, हिरवळ लावली, म्हणून ती माती पूर्ववत होत नाही. हिरवळीखाली ती ढिगातल्या विटांसारखीच असते.

हा केवळ आपल्याकडचा अनुभव नाही. पंजाबात जन्मलेले मृदाशास्त्रज्ञ रतन लाल यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात नायजेरियातील इबादान येथे याच प्रश्नाचा अभ्यास केला. अवजड यंत्रांनी साफ केलेल्या जंगलजमिनीवरून, हातांनी साफ करून न नांगरलेल्या जमिनीच्या तुलनेत कितीतरी अधिक पाणी आणि माती वाहून जाते, असे तेथील प्रयोगांत आढळले. जमिनीवर पिकाचे अवशेष पसरून ठेवले, तर उतारावरही धूप आटोक्यात राहते, हेही त्यांनी दाखविले. २०२० साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्याकडे अभिनंदनाचे लेख पुष्कळ आले. त्यांचे म्हणणे आपल्या डोंगरांना लावून पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत.

येथे दरडींचा उल्लेख टाळता येणार नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे २०२१ च्या जुलैत रायगड जिल्ह्यातील तळिये आणि २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी यांवर तीच वेळ आली. यांतील प्रत्येक दरडीचा दोष माणसाच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. अतिवृष्टीत न छेडलेला डोंगरही कोसळू शकतो. परंतु माळीणनंतरच्या चर्चेत उतारावरील यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचा प्रश्न पुढे आला होता, हे विसरून चालणार नाही. उताराचा पायथा कापला, पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजविल्या आणि सैल भराव वर ठेवला, की मातीत शिरलेले पाणी तिला आतूनच उचलू पाहते. मोडलेल्या घडणीची किंमत एरवी पाण्याने आणि पिकाने भरावयाची असते. क्वचित ती माणसांच्या प्राणांनी भरावी लागते.

‘मग झाडे लावा’ हे यावरचे सर्वमान्य उत्तर. राज्य शासनाने २०१६ ते २०१९ या काळात कोट्यवधी रोपांची मोहीम राबविली. झाडांविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. पण मातीची घडण झाडाच्या शेंड्यावर ठरत नाही, ती त्याच्या पायाशी ठरते. सागासारख्या मोठ्या पानांवरून ओघळणारे जाड थेंब उघड्या जमिनीला सरळ पावसाइतकाच, प्रसंगी अधिक मार देतात. खाली पाचोळा आणि झुडपे असतील तरच झाड मातीच्या उपयोगी पडते. आणि तो पाचोळा तर दर उन्हाळ्यात वणव्यात जळतो. डोंगराला आग लावल्याने पुढच्या वर्षी गवत चांगले येते, ही समजूत अजून गेलेली नाही. एका हंगामाचा वणवा रोखणे हे एक हजार खड्डे खणण्यापेक्षा मातीच्या अधिक हिताचे ठरेल, असे म्हणण्यास हरकत नसावी.

नोंद कोण ठेवणार?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गैरवाजवी नाही. वरकस जमिनीवर वर्षभर राबून हाती चार पायली नाचणी येणाऱ्या शेतकऱ्याने ती विकली, तर त्याला दोष देणारे आपण कोण? पुण्या-मुंबईत पक्क्या घरात बसून मावळच्या डोंगरांना हात लावू नका असे सांगणे सोपे आहे. पश्चिम घाटाविषयी गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये. दोहोंना गावोगाव विरोध झाला, त्यामागे ही भावनाही होती. म्हणून प्रस्तुत लेखकाचे म्हणणे सरसकट बंदीचे नाही. प्रश्न आहे तो मोजमापाचा. एखादी जमीन शेतीखालून काढून घरांखाली नेताना काय मिळते हे रुपयांत मोजले जाते. काय जाते हे कोणत्याच एककात मोजले जात नाही.

आश्चर्याची गोष्ट अशी, की दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हे मोजमाप काही अंशी होत होते, आणि तेही पुणे जिल्ह्यातच सुरू झाले. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून जमीन पाहणीची जी पद्धत बसविली, ती १८४७ च्या अहवालात पक्की झाली. तीत जमिनीचा रंग आणि पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंतची खोली पाहून वर्ग ठरत. आणि मग दोष मोजले जात. त्या दोषांत उतार होता, कण एकमेकांना धरून न ठेवण्याचा दोष होता, पाणी मुरू न देण्याचा होता आणि वाहत्या पाण्याने धुपण्याचाही होता. दोषागणिक जमिनीचा वर्ग खाली येई. उद्देश अर्थात सारा वसूल करण्याचा होता, रयतेच्या कल्याणाचा नव्हे. तरीही त्या पाहणी-कारकुनाला मातीची घडण पाहावी लागत होती.

आज आपल्याजवळ १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या योजनेची मृदा आरोग्य पत्रिका आहे. तीत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म द्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब अशा बारा गोष्टी नोंदल्या जातात. योजना उपयुक्त आहे. परंतु सेंद्रिय कर्ब सोडला, तर या बारांपैकी एकही गोष्ट मातीच्या घडणीविषयी काही सांगत नाही. पाणी तासाला किती मुरते, माती किती दबली आहे, तिचे ढेकूळ पाण्यात टिकते की विरघळते, यांचे रकाने तेथे नाहीत. दुसरीकडे, महसूल खात्याला माती कळते ती गौण खनिज म्हणून, ब्रासच्या हिशेबात. उकरलेल्या मातीचे स्वामित्वधन भरले की शासनदरबारी तिचा विषय मिटतो. आणि पिकाला नालायक म्हणून ज्या तुकड्यांना सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हटले जाते, ते गवताळ, खडकाळ तुकडे पाणी मुरविण्याचे काम बिनबोभाट करीत असतात.

म्हणून मागणी माफक आहे. मृदा आरोग्य पत्रिकेत घडणीच्या दोन-तीन साध्या चाचण्यांची भर घालावी. उतारावरील जमिनीला अकृषिक परवानगी देताना वरचा थर आधी वेगळा काढून ठेवण्याची आणि काम संपल्यावर तो परत पसरण्याची अट असावी. पावसाच्या चार महिन्यांत उतार कापण्यास मनाई असावी. पाण्याच्या वाटा नकाशावर दाखविल्याखेरीज परवानगी मिळू नये. वणवा रोखणाऱ्या आणि उतारावर गवत राखणाऱ्या गावांना त्या कामाची मजुरी मिळावी. कारण ते राखत असलेले पाणी खालच्या शहरांच्याही उपयोगी पडते. यांपैकी कशालाही मोठे धरण किंवा परदेशी कर्ज लागत नाही.

शासन हे करील तेव्हा करील. शाळांना त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. काचेचे दोन पेले घ्यावेत. एका ठिकाणी बांधावरच्या गवताखालचे किंवा देवराईतले वाळलेले ढेकूळ आणावे, दुसरे पायवाटेवरचे किंवा नव्याने कापलेल्या उतारावरचे. दोन्ही अलगद पाण्यात सोडावीत. घडण शाबूत असलेले ढेकूळ बराच वेळ आपला आकार धरून राहते. मोडलेले काही मिनिटांत ढासळते आणि पाणी गढूळ होते. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोकून त्यात मोजून पाणी ओतले, तर ते मुरण्यास किती मिनिटे लागली हे घड्याळावर टिपता येते. मावळातील प्रत्येक माध्यमिक शाळेने आपल्या गावातील दहा जागी, दरवर्षी पावसाच्या आधी आणि नंतर, एवढे दोन प्रयोग करून वहीत नोंदवून ठेवावेत. पाच-सहा वर्षांत त्या वहीत असा पुरावा जमा होईल, जो आज ना तलाठ्याच्या दप्तरात आहे ना जिल्हाधिकाऱ्यांच्या. आणि पुढच्या वेळी एखादा उतार कापण्याचा अर्ज येईल, तेव्हा ग्रामसभेत ती वही उघडून ठेवता येईल.